विचारपूस पुरत नाही

एप्रिल सरत आला की आमच्या ओसरीवर अद्रकीचं बेणं पसरलं जातं. फुलंब्री तालुक्यात ‘आलं’ फारसं कुणी म्हणत नाही. लावतात ती अद्रक, आणि लागवडीसाठी जपून ठेवलेला गड्डा म्हणजे बेणं. माझी माय भिंतीला पाठ टेकून, एक पाय लांब सोडून बसते. गड्डा हातात घेते, फिरवते, अंगठ्यानं दाबते. मऊ लागला की डाव्या बाजूला टाकते. कडक निघाला की दोन-तीन ठसठशीत डोळे येतील असा तुकडा मोडून टोपल्यात टाकते. मजुरीनं आलेल्या बायका शेजारी हेच काम तिच्या दुप्पट वेगानं करत असतात. पण भरलेलं टोपलं औषधाच्या पाण्यात बुडवण्याआधी माझा भाऊ ते तिच्यापुढं आणून ठेवतो. ती वरून हात फिरवते, पाच-सात तुकडे उचलून बाहेर टाकते, मग टोपलं पुढं जातं. मागच्या हिवाळ्यात तिच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढला. त्याआधी दोन वर्षं ती हे सगळं बोटांनी चाचपून करत होती, आणि ते तिनं आम्हाला कळू दिलं नव्हतं.

तिच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जानेवारी १९५०. आमच्या गल्लीतल्या बहुतेक म्हाताऱ्या १ जानेवारीच्याच. शाळेचं तोंड पाहिलेले पुरुष १ जूनचे, कारण नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. मायला वय विचारलं तर ती दुष्काळावरून हिशेब लावते. बहात्तर साली खडी फोडायला गेली, सुकडी खाल्ली, तेव्हा मी तिच्या कडेवर होतो. त्या दुष्काळात सरकारी कामांवर ज्यांनी दगड फोडले, पाझर तलावांची माती वाहिली, ती पिढी आता पंचाहत्तरीच्या अल्याड-पल्याड आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठ वर्षांवरची माणसं ९.९ टक्के होती, म्हणजे दहात एक. गावात दिवसा दहाच्या पुढं फेरी मारली तर प्रमाण उलटं वाटतं. तरणी माणसं वाळूजला, चिकलठाण्याला, शेंद्र्याला कंपनीत गेलेली असतात. काही रोज अप-डाऊन करतात, काहींनी पोरांच्या इंग्रजी शाळेसाठी शहरात खोली केलेली असते.

वडील गेल्यावर मीही मायला संभाजीनगरला आणलं होतं. तिसरा मजला, लिफ्ट, तिच्यासाठी वेगळी खोली, खुर्चीचा संडास, वेळेवर गोळ्या. आम्ही तिला कशालाही हात लावू देत नव्हतो. चार महिन्यांत तिचं बोलणं तुटक झालं. आज वार कोणता, हे ती दिवसातून दोनदा विचारू लागली. मी घाबरलो, तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं. एका संध्याकाळी गॅलरीत बसलो असताना ती म्हणाली, “इथं मला कुणी काही इचारीतच नाही रे.” मला ते लागलं. घरातलं प्रत्येक माणूस तिला येता-जाता विचारत होतं. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, “जेवली का, गोळी घेतली का, झोप लागली का. एवढं तर दावणीच्या जनावरालाबी इचारतेत.”

त्या वाक्यानं माझा म्हातारपणाकडं पाहण्याचा कोन बदलला. आपल्या भाषेत ‘विचारणं’ या क्रियापदाला दोन बाजू आहेत. ‘त्याला आता घरात कोण विचारतं?’ असं आपण म्हणतो, तेव्हा तो जेवला की नाही याची चौकशी होत नाही, असा त्याचा अर्थ नसतो. त्याच्या मताला किंमत उरली नाही, त्याच्यावाचून काही अडत नाही, असं आपण सांगत असतो. विचारपूस माणसाच्या देहाची होते. विचारणा त्याच्या शहाणपणाची होते. गावी परतल्यावर मायला कुणी ‘बरी आहेस का’ असं दिवसदिवस विचारत नाही. पण लोणच्यात मीठ किती, बाळंतिणीला काय द्यायचं, कोणत्या म्हशीला कधी फळवलं होतं, या सोयरिकीत मागं काय भांडण झालं होतं, हे विचारायला माणसं येतात. म्हातारपण चांगलं चाललंय की नाही हे ओळखायचं असेल, तर त्या माणसाला दिवसभरात कोणकोणते प्रश्न विचारले गेले ते मोजावं, असं माझं ठाम मत झालं आहे. रक्तदाब, साखर मोजावीच; पण हेही मोजावं.

आपण मात्र म्हातारपणाची गोष्ट नेहमी मुलाच्या बाजूनं सांगत आलो. सरकारनं वृद्धांच्या निवृत्तिवेतनाला नाव दिलं ‘श्रावणबाळ’. श्रावणबाळाच्या कथेत आई-वडील आंधळे आहेत, कावडीत बसलेले आहेत. चालतो तो मुलगा, तहान भागवायला जातो तो मुलगा, आणि थोरवी सगळी त्याची. कावडीतल्या दोघांना कोणत्या वाटेनं जायचं होतं, हे आपण कधी विचारलं नाही. मराठी रंगभूमीनं याच गोष्टीची उलटी बाजू दाखवली. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला १९७० च्या डिसेंबरात, सगळं मुलांना वाटून देऊन उघड्यावर आलेला बाप तेव्हापासून आपल्या मनात घर करून बसला आहे. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाच्या कायद्यानं त्याच बापाला उत्तर दिलं: उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढं अर्ज करता येतो, महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो, आणि सांभाळ करण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास कलम २३ खाली परत मिळवता येते. हा कायदा हवाच होता. पण मुलगा वाहतो की टाकतो, या एका प्रश्नातच तोही अडकलेला आहे. आमच्या तालुक्यात आई-वडिलांना टाकणारी मुलं थोडी. टाकत नाहीत आणि विचारतही नाहीत, अशी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यांतलं एक माझं होतं.

इथं एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कामात राहणं म्हणजे चांगलं म्हातारपण, असं म्हणायला लागलो तर सत्तरीतली जी बाई कापूस वेचायला जाते तिला आपण आदर्श ठरवून बसू. दिवाळीनंतर आमच्याकडं पहाटेच्या गारठ्यात वेचणीला निघालेल्या बायकांत दोन-तीन तरी पांढऱ्या केसांच्या असतात. वेचणी किलोवर असते. बोंडाची टोकं बोटांना चिरतात, वाकून कंबर धरते, संध्याकाळी वजनकाट्यावर तरुण सुनेच्या निम्मं भरतं. तिला विचाराल तर तीही म्हणेल, घरी बसून हाडं धरतेत. पण तिच्या ‘घरी बसून’मध्ये आणि माझ्या मायच्या ‘घरी बसून’मध्ये फरक आहे. माय आज बेणं निवडायला बसली नाही तरी संध्याकाळी चूल पेटणार आहे. त्या बाईची पेटेलच असं नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे निरोगी वार्धक्याचं दशक म्हणून जाहीर केलं. जागतिक आरोग्य संघटनेची त्यामागची व्याख्या अशी की, माणसाला ज्याचं मोल वाटतं ते त्याला होता यावं आणि करता यावं. त्या व्याख्येतला ‘त्याला’ हा शब्द मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पोटासाठी उन्हात वाकणं हे त्या बाईच्या मोलाचं काम असेलही, पण नको म्हणायची सोय असल्याशिवाय ते आपल्याला कळणार नाही.

नको म्हणायची सोय म्हणजे रोकड पैसा. श्रावणबाळ योजनेचे आज महिन्याला १,५०० रुपये मिळतात. यादीतल्या दारिद्र्यरेषेखालच्या माणसामागे केंद्र सरकारचा वाटा २०० रुपयांचा, ऐंशी ओलांडल्यावर ५०० चा. बाकीचा भार राज्याचा. वय पासष्ट पूर्ण हवं आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. कमावता मुलगा असलेल्या घरात एवढं कमी उत्पन्न कागदावरच दाखवावं लागतं. गावात या पैशाला कुणी श्रावणबाळ म्हणत नाही, ‘निराधारचे पैसे’ म्हणतात. चार मुलं, नातवंडं असलेल्या म्हाताऱ्या माणसाला तलाठ्यापासून तहसीलपर्यंत आपण निराधार आहोत हे सांगत फिरावं लागतं, मग दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यात आयुष्यभर निंदणी-खुरपणी केलेल्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. रेशनच्या दुकानात मशीनपुढं उभी असलेली म्हातारी पदराला बोट पुसून पुन्हा ठेवते, पुन्हा पुसते, आणि मागून कुणीतरी ओरडतं, अंगठा उठंना! ज्या हातांनी सगळं केलं त्याच हातांवर तिची ओळख पटत नाही, हे पाहताना मला शरमल्यासारखं होतं.

थायलंडनं या एका बाबतीत वेगळी वाट धरली. तिथं २००९ पासून सरकारी पेन्शन नसलेल्या साठीपुढच्या माणसांना भत्ता मिळतो. साठीत महिना ६०० बाट, सत्तरीत ७००, ऐंशीत ८००, नव्वदीपुढं १,०००. सहाशे बाट म्हणजे आपले साधारण दीड हजार रुपये, म्हणजे रकमेत आपण फार मागं नाही. पण तो भत्ता मागताना गरिबी सिद्ध करायची अट नाही. वय झालं, एवढं पुरतं. साठीत भत्ता घेणाऱ्या बाईला त्यासाठी मुलाला नाकर्ता ठरवावं लागत नाही. त्या देशाचंही सगळं गोड नाही. मुलं बँकॉकला कामाला आणि गावात आजी-आजोबा नातवंडं सांभाळतायत, ही तिथली नेहमीची कथा आहे; आपल्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत हीच असते. आई-वडिलांचं ऋण मानण्याला ते ‘कतन्यू’ म्हणतात, आपल्या ‘कृतज्ञ’चंच ते पाली रूप. १३ एप्रिल, त्यांच्या नववर्षाचा दिवस, तिथं ज्येष्ठांचा राष्ट्रीय दिवसही आहे. लहानांनी मोठ्यांच्या तळहातांवर सुगंधी पाणी ओतायचं आणि मोठ्यांनी आशीर्वाद द्यायचा. भक्ती आपल्याकडंही आहे. शिकण्यासारखं दुसरंच आहे: गावोगावच्या ज्येष्ठांच्या मंडळांत, देवळाशी जोडलेल्या त्यांच्या ‘शाळां’त म्हातारी माणसं एकमेकांना शिकवतात, कुणी टोपली विणायला, कुणी औषधी पाला ओळखायला. तिथं त्यांना सांभाळायला बोलावलेलं नसतं.

आपल्याकडं याच्या सगळ्यांत जवळ जाणारी गोष्ट मला सप्ताहात दिसते. अखंड हरिनाम सप्ताह बसला की सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पहारे लावले जातात, भिंतीवर यादी चिकटते, आणि रात्री दोन ते चारचा पहारा बहुतेक वेळा ज्यांना तशीही झोप येत नाही त्या म्हाताऱ्यांकडं जातो. आमच्या गावचे एक आजोबा, दम्याचे, घरात पंख्याचं बटणही त्यांना कुणी दाबू देत नाही. पण सप्ताहात मध्यरात्री टोपी नीट करून, गळ्यात वीणा घेऊन ते उभे राहतात. त्यांच्या आधीचा माणूस त्यांच्या गळ्यात वीणा घातल्याशिवाय जागचा हलत नाही. ते आले नाहीत तर वीणा खाली येईल, हे त्यांना माहीत असतं आणि गावालाही. वर्षाचे उरलेले एक्कावन्न आठवडे ते पारावर बसलेले असतात. त्यांना पाहिलं की वाटतं, आपण या माणसाला यादीतून काढलं ते कधी?

पुरुषांच्या बाबतीत ती तारीख बहुधा सांगता येते: वाटणी झाली तो दिवस. जमीन मुलांच्या नावावर चढली, सोसायटीचं कर्ज मुलांच्या नावानं निघू लागलं, दुकानदार बियाण्याचं बिल मुलाच्या हातात देऊ लागला. बाप कालपर्यंत मालक होता, आज राखणदार झाला. बायकांचं दुखणं निराळं. त्यांना निवृत्ती नाही, हातातलं काम शेवटपर्यंत सुटत नाही. पण सातबाऱ्यावर नावही नसतं. नवरा गेल्यावर वारस म्हणून नाव लागतं खरं, आणि पुढं एक दिवस तहसीलच्या आवारात, झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या माणसासमोर हक्कसोडावर तिचा अंगठा घेतला जातो. बहिणींचाही घेतला जातो. ‘तुला काय करायचं नावाचं, आम्ही आहोत ना,’ हे तेव्हाचं ठरलेलं वाक्य आहे, आणि म्हणणारा ते मनापासून म्हणतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली; नवऱ्यानं हयातीतच थोडी जमीन बायकोच्या नावे करायची. शंभर घरांनी असं केलं की ते गाव लक्ष्मीमुक्तीचं. शेतकऱ्यांच्या दारिद्र्यावर बोलणाऱ्या संघटनेला हे सुचलं याचं मला अजून अप्रूप वाटतं, कारण ते दानाच्या भाषेत नव्हतं, कर्जफेडीच्या भाषेत होतं. माझ्या मायच्या नावावर आजही एक एकर वीस गुंठे आहे. भाऊ तिच्यापुढं टोपलं आणून ठेवतो ते प्रेमापोटीच. पण त्या नावाचाही त्यात वाटा आहे, असं मला वाटतं. आणि तसं असण्यात मला काही गैर दिसत नाही.

नाव, पैसा, यानंतर जे लागतं ते अगदी बारीक-सारीक असतं. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली, तेव्हा शहरात त्यावर बरीच नाकं मुरडली गेली. आमच्याकडं त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. म्हाताऱ्या लेकींकडं जाऊ लागल्या. एकीनं मला सांगितलं, आता जायचं असलं की पोराला पैसे मागावे लागत नाहीत, नुसतं सांगते, जाऊन येते. ‘जाऊ का’ हे ‘जाऊन येते’ झालं. त्या दोन शब्दांसाठी सरकारी तिजोरीतून जे जात असेल ते जावं. फक्त एसटीची पहिली पायरी अजून गुडघ्याच्या वर आहे. फुलंब्रीच्या थांब्यावर कंडक्टर वरून हात देतो आणि कुणीतरी खालून आधार देतं, तेव्हा म्हातारी आत पोचते. डोळ्यांचं शिबिर, कानाचं यंत्र, कवळी, पारापर्यंत जायला खड्डे नसलेली वाट, बाजारात आडोशाची जागा, यांना कुणी सामाजिक विचार म्हणत नाही. पण ऐकू येत नाही त्याला प्रश्न विचारणं लोक सोडून देतात. दोनदा ‘काय?’ म्हटलं की तिसऱ्यांदा कुणी सांगत नाही. ‘काही नाही’ म्हणतात आणि पुढं बोलू लागतात. असे कितीतरी शहाणे लोक कान गेले म्हणून वेडगळ ठरलेले मी पाहिले आहेत.

आणि जे उठूच शकत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न मला रात्री सतावतो. अंथरुणाला खिळलेल्याला निवडायला काय द्यायचं, विचारायचं काय? तिथं विचारपूस हेच सगळं काही होतं, आणि ती करणारी सून स्वतः पन्नाशीची, पाठीनं वाकलेली असते. तिच्याही म्हातारपणाचा विचार कुणी करत नाही. माझ्याजवळ याचं पूर्ण उत्तर नाही. एक उदाहरण आहे. शेजारच्या वस्तीवर अर्धांगवायू झालेले एक काका आहेत. शेतीची लाईट कधी दिवसा असते, कधी रात्री. तिचं वेळापत्रक आठवड्यानं फिरतं. त्यांचा मुलगा कंपनीतून आल्यावर त्यांच्या खाटेशी उभा राहून विचारतो, “दादा, लाईट कव्हाची?” काका जड जिभेनं सांगतात. मुलाच्या मोबाइलवर ते वेळापत्रक आलेलं असतं, हे मला माहीत आहे. तो तरीही विचारतो. आधी मला ते मन राखणं वाटलं होतं. मग एकदा मोबाइलवरची वेळ चुकीची निघाली आणि काकांची बरोबर, कारण दिवसभर पडल्या पडल्या ते शेजारच्या मळ्यातल्या मोटारीचा आवाज ऐकत असतात.

विचारणं म्हणजे ऐकणं नव्हे, हेही कबूल केलं पाहिजे. यंदा भावानं ठरवलं की अद्रक लावायची नाही, मका करायचा. दोन वर्षं कंदाला सड लागली, भाव पडला, औषधांचा खर्च निघाला नाही. त्यानं मायला विचारलं. ती म्हणाली, सगळे सोडतेत तव्हाच लावावी. तो म्हणाला, कर्ज माझ्या अंगावर आहे. दोघंही बरोबर होते. वाद चढत गेला, तिनं ताट सरकवलं, दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. शहरातल्या त्या चार महिन्यांत माझ्यावर ती एकदाही रुसली नव्हती. मका पेरायचं ठरलं. बेणं विकायला काढलं, पोती भरली गेली. पोत्यांच्या मागं, कोपऱ्यात, ओल्या गोणपाटाखाली दोन टोपली बेणं तिनं काढून ठेवलं आहे, निवडून, एकेका तुकड्यावर दोन-तीन डोळे असलेलं. ते कुठं लावायचं हे तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही.